तेरा इंची पुली

माणदेशात विहीर खणायची म्हणजे कातळातली चीर शोधायची. वर हात-दोन हात मुरूम, खाली काळा पाषाण. त्या पाषाणाला जिथं फट असेल तिथून झरा पाझरतो, आणि तो त्याच्या चालीनंच येतो. रात्रभर विहीर साठते. सकाळी जेवढं पाणी उभं असेल तेवढं आपलं.

अण्णा आणि बापू या दोघा भावांच्या वाट्याला अशीच एक विहीर आली होती. जमीन वाटली गेली, मधे बांध पडला, भांडी वाटली. बैलजोडीतला एकेक बैल दोघांच्या गोठ्यात गेला. विहीर मात्र वाटता येईना. मग गावोगावी निघतो तोच तोडगा निघाला : चार दिवस अण्णाची पाळी, चार दिवस बापूची. १९७२च्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला, तेव्हा दोघं भाऊ दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि रात्री कंदील लावून विहिरीत उतरायचे. तिला त्यांनी आणखी आठ फूट खाली नेलं. पुढं तीन-चार वर्षांनी भूविकास बँकेचं कर्ज काढून दोघांत मिळून एक डिझेल इंजिन घेतलं. त्या रानात वीज यायला अजून बराच अवकाश होता.

इंजिन राजकोटकडचं, लिस्टर घाटणीचं, एका सिलिंडरचं. ताकद सहा हॉर्सपॉवर आणि चाल मिनिटाला ६५० फेऱ्यांची. दोन बाजूंना दोन जड फ्लायव्हील आणि सावकाश डुग-डुग आवाज. ही इंजिनं घाई करत नाहीत, म्हणूनच ती वर्षानुवर्षं टिकतात. बसवायला तालुक्याहून एक म्हातारे मिस्त्री आले. विहिरीच्या कडेला दहा-बारा फूट खोल खड्डा काढून त्यात त्यांनी इंजिन आणि पंप बसवला, कारण पंप पाण्याच्या जितका जवळ तितकं बरं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिची ताकद ठरलेली आहे. प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांच्या पुढं पंपाला पाणी उचलणं जड जातं. मग पंप कितीही भारी असो.

पंप मिनिटाला साधारण १४५० फेऱ्यांसाठी बनवलेला होता आणि इंजिन फिरणार ६५० नं. हा फरक पुलीनं भरून काढायचा असतो. पंपाची पुली पाच इंची होती, म्हणून मिस्त्रींनी इंजिनाला अकरा इंची पुली चढवली. इंजिनघराच्या दारावर खडूनं मांडून दाखवलं : अकरा गुणिले ६५०, भागिले पाच, म्हणजे १४३०. पट्टा थोडा घसरतो, ते सोडून. या फेऱ्यांना पंप चार हॉर्सपॉवर खाणार होता. इंजिन सहाचं. दोन शिल्लक.

"दोन वाया जातात म्हणायचं की," बापू म्हणाला.

"वाया न्हाईत. ते इंजिनाच्या आयुष्याचे हायेत," मिस्त्री म्हणाले आणि पाइपाकडं वळले.

पंपाच्या डिलिव्हरीच्या पाइपाला त्यांनी अर्ध्या इंचाची एक नळी जोडली. तिला कॉक बसवला आणि ती इंजिनाच्या पाणपोकळीत सोडली. सिलिंडरच्या भोवतीनं, हेडमधून फिरून ते पाणी दुसऱ्या वाकड्या नळीनं बाहेर पडायचं आणि पाटालाच मिळायचं. म्हणजे पिकाला जाणाऱ्या पाण्यातलंच बोटभर पाणी आधी इंजिनाची आग घेऊन जाणार. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानानं तिसरा हिस्सा कामाला लागतो. उरलेल्यातली काही धुरावाटे जाते आणि काही या पाण्याला न्यावी लागते. मिस्त्रींनी दोघा भावांना त्या नळीखाली हात धरायला लावला. "हात घटकाभर ठेवता यावा, मग काढावासा वाटावा. एवढं ऊन पायजे. लई गार बी नको, त्यानं लायनर खराब होतो. भाजाया लागलं तर समजायचं, आत काहीतरी बिघडलंय."

त्या ऊन पाण्याची खरी कदर बापूच्या बायकोनं, सुमननं केली. थंडीच्या दिवसांत पाळी आली की ती सकाळी धुणं घेऊन पाटावर यायची. चूल न पेटवता मिळालेलं ते ऊन पाणी होतं. दोन हिवाळे असे गेले.

तिसऱ्या वर्षी बापूनं अर्धा एकर ऊस लावला. कारखान्याचा ऊस म्हणजे हातात एकरकमी पैसा. शेजारच्या गावात नदीकाठी लोकांनी लावला होता, घरं बांधली होती. अण्णानं एकदाच विचारलं, "आपल्या हिरीला झेपंल का रं?" बापू म्हणाला, "पाणी माझ्या पाळीतलंच देणार हाय. तुझ्या पाळीला हात लावणार न्हाई." यावर अण्णाला बोलण्यासारखं काही राहिलं नाही. पाळी दिवसांवर ठरलेली होती. त्या दिवसांत किती पाणी उपसायचं हे कधी ठरलंच नव्हतं. ठरवायची गरजही पडली नव्हती, कारण अकरा इंची पुलीनं ते न बोलता ठरवून टाकलं होतं.

फाल्गुनाच्या तोंडाला उसाची तहान वाढली. चार दिवसांत सगळ्या सऱ्या भिजेनात. आठवडी बाजारात भंगारवाल्याकडं बापूला तेरा इंची बिडाची पुली दिसली. शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी सांगितलं, "ही चढव. पंप पळंल, पाणी वाढंल." सांगणारा खोटं बोलत नव्हता. बापूनं पुली घेतली आणि जुनी उतरवून ती चढवली. पट्ट्याला चार बोटांचा तुकडा जोडला आणि हॅण्डल मारलं.

पाणी खरंच वाढलं. डिलिव्हरीची धार हातभर लांब पडायला लागली आणि पाट काठोकाठ भरला. जी सरी भरायला आधी तंबाखू मळून खाण्याइतका वेळ मिळायचा, ती आता खोरं टेकवायच्या आत भरायची. बापूला झालेला आनंद खोटा नव्हता, आणि तो हावरट माणूसही नव्हता. उभं पीक डोळ्यांदेखत सुकत असताना दोन इंच लोखंडात इलाज दिसला तर शंभरातले नव्याण्णव शेतकरी तेच करतील. माझा त्याच्यावर राग नाही. मला कळवळा येतो तो पुढच्या दिवसांचा, कारण पुढचे सगळे इशारे त्याला मिळाले होते.

पहिला इशारा सुमनला मिळाला. धुण्याला बसली आणि तिनं हात झटकन मागं घेतला. "अहो, पाणी भाजतंय आज." बापू आला, त्यानं हात लावून पाहिला आणि कॉक पूर्ण उघडला. नळीतून जास्त पाणी यायला लागलं. थोड्या वेळानं ते सोसवेल इतपत झालं. "झालं बघ गार," तो म्हणाला.

दुसरा इशारा डिझेलचा. डब्यांचा हिशोब सुमनच ठेवायची, भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून. पूर्वी जेवढ्या डिझेलमध्ये पाळी निघायची तेवढ्यात आता अडीच-तीन दिवसही निघेनात. तिसरा इशारा साऱ्या शिवाराला दिसत होता. इंजिनघराच्या धुराड्यातून पूर्वी नजरेला न दिसणारा धूर यायचा, तो आता काळा येत होता.

पाळी बदलली तरी बापूनं पुली उतरवली नाही. तो उतरवणार होता, पण दर चार दिवसांनी पुली आणि पट्टा बदलणं जिवावर यायचं. अण्णानं तक्रार केली नाही. त्यानं स्वतःच्या पाळीत गव्हर्नरच्या स्प्रिंगचा नट थोडा ढिला केला आणि इंजिनाची चाल कमी केली. पाइपाची धार पूर्वी जिथं पडायची त्या दगडावर ती पुन्हा पडायला लागली, तेव्हा नट तिथंच ठेवला. त्याला आकडा ठाऊक नव्हता, पण हिशोब बरोबर होता. तेरा इंची पुलीवर इंजिन ५५० नं फिरलं की पंप पुन्हा १४३०वरच येतो. धूर गेला, आवाज निवला, आणि सुमनच्या जाऊबाईला धुण्याला पूर्वीसारखं ऊन पाणी मिळालं. बापूची पाळी आली की नट पुन्हा आवळला जायचा.

"माझ्या पाळीत माझी चाल," तो एकदा म्हणाला. अण्णानं ऐकून घेतलं.

सुमनला राहवलं नाही. तालुक्याला माहेरच्या लग्नाला गेली तेव्हा वाटेत मिस्त्रींच्या दुकानात थांबून तिनं सगळं सांगितलं. पाणी भाजतं, डिझेल पुरत नाही, धूर काळा. पुलीचं मात्र तिनं सांगितलं नाही. नवऱ्याची गोष्ट नवऱ्यानंच सांगावी, असं तिला वाटलं असावं. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी सायकलवर आले. इंजिनघराच्या पायऱ्या उतरायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पुली कुणी बदलली?" आवाजावरून त्यांना कळलं होतं.

बापू म्हणाला, "पाणी वाढलं, मिस्त्री. आन् इंजिन बी गार हाय. हात लावून बघा."

मिस्त्रींनी नळीला हात लावला, कॉककडं पाहिलं आणि खिशातून खडू काढला. दारावरच्या जुन्या आकड्यांखाली नवे मांडले. तेरा गुणिले ६५०, भागिले पाच : १६९०. "फेरे किती वाढले? पाचाचे सहा म्हण. पाणी बी ढोबळ मानानं पाचाच्या सहा घागरी. पण वझं पाचाचं सहा होत न्हाई, बापू. ते आठाच्या वर जातं. पाणी जास्त उचलायचं, आन् ते जास्त जोरानं बी फेकायचं. दोन्ही वाढी एकमेकींना गुणतात." पंपशास्त्रात हा नियम पुस्तकात छापलेला असतो : पाणी फेऱ्यांच्या पटीत वाढतं, दाब वर्गाच्या पटीत आणि लागणारी शक्ती घनाच्या पटीत. मिस्त्री तो शेकडो इंजिनं उघडून शिकले होते. चारच्या जागी पंप आता साडेसहा मागत होता, आणि इंजिन होतं सहाचं.

"साडेसहा वढतंय की पण," बापू म्हणाला.

"वढतंय. चांगलं इंजिन तासभर दहा टक्के जादा वढतं, ते त्याच्या बनावटीतच असतं. रातभर न्हाई. तो काळा धूर म्हंजी तुझं डिझेल, न जळता चाललंय. त्याची काजळी रिंगांच्या खाचांत बसणार. रिंगा चिकटल्या की पिस्टनची आग लायनरकडं जायची वाट बंद."

"पाणी गार येतंय."

"पिस्टनला पाणी लागतं का? पाणी बाहेरून फिरतं. आतल्या आगीचा निरोप आपल्याला त्या नळीतल्या ऊन पाण्यावरनं कळायचा. कॉक उघडून तू निरोपच बंद केलास."

मोटारीच्या जगात याच्या उलट खेळ चालतो, पण त्याचा धडा हाच आहे. शर्यतीच्या गाड्यांत पाण्याच्या पंपावर मुद्दाम मोठी पुली बसवतात, म्हणजे पंप हळू फिरतो, इंजिनावरचं त्याचं ओझं घटतं आणि वाचलेली शक्ती चाकांना मिळते. शर्यतीत इंजिन कायम भरधाव असतं आणि समोरून वाराही जोराचा येतो, तिथं हे चालून जातं. तीच पुली कुणी रोजच्या गाडीला लावली की चौकातल्या कोंडीत, इंजिन मंद चालीवर असताना, पाणी पुरेसं फिरत नाही. जुन्या गाड्यांत पंखाही त्याच दांड्यावर असतो, तोही मंदावतो, आणि तापमानाचा काटा चढायला लागतो. पंपाची पुली मोठी करा की इंजिनाची, कुठल्यातरी एका चालीला मिळालेला फायदा दुसऱ्या कुठल्या चालीला भरावा लागतो. तो भरायची वेळ आली तेव्हा मालक तिथं असेलच असं नाही.

मिस्त्री रागावले नाहीत. जाताना त्यांनी पाणी वाढवायचे दुसरे रस्ते सांगितले. सक्शनच्या पाइपाला दोन वाकणं जास्तीची होती, ती काढायची. त्या पाइपाच्या तळाला असलेल्या फूट व्हॉल्व्हची जाळी शेवाळानं अर्धी बुजली होती, ती साफ करायची. आणि मातीचा पाट निदान पहिली शंभर पावलं दगडानं बांधून घ्यायचा, कारण निम्मं पाणी तिथंच मुरत होतं. "ह्यात फुकटचं पाणी हाय, आन् इंजिनाला कळणार बी न्हाई." बापू हो म्हणाला. ऊस एवढा भिजला की करू, म्हणाला.

चैत्र उजाडला. झरे बारीक झाले. तेरा इंची पुली विहिरीतून जेवढं उपसत होती तेवढं त्या चिरांतून येत नव्हतं. पाणी खाली गेलं की पंपाला ते आणखी खालून उचलावं लागतं. त्यात पंप जितका वेगानं फिरतो तितकी पाणी तोंडाशी यायची त्याची गरजही वाढते. ती पुरी झाली नाही की पंपाच्या पात्यांपाशी पाण्याचे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. पंपात बारीक खडे फिरल्यासारखा आवाज येतो. बापूनं तो आवाज ऐकला होता. पंप जुना झाला, असं त्याला वाटलं.

एका रात्री बापूची पाळी संपत आली होती. उजाडल्यावर अण्णाची सुरू होणार होती आणि अण्णाचा कांदा पोसायच्या भरात होता. बापू उसात, पाटाच्या शेवटाला दारं धरून उभा होता. मध्यरात्रीनंतर सरीतलं पाणी हळूहळू बारीक झालं आणि थांबलं. इंजिनाचा आवाज मात्र चालूच होता. पाणी येत नाही आणि इंजिन चालू आहे, याचा अर्थ कुठंतरी पाट फुटलाय, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या कुणालाही तसंच वाटलं असतं. हातात कंदील घेऊन तो पाटाच्या कडेनं, वाकून फट शोधत, एकेक पाऊल मागं चालत राहिला.

पाट कुठंच फुटला नव्हता. विहिरीत पाणी फूट व्हॉल्व्हच्या खाली गेलं होतं आणि पंपानं हवा धरली होती. डिलिव्हरी थांबली तशी तिच्यावरची अर्ध्या इंचाची नळीही कोरडी झाली. पंपाचं ओझं गेलं, पण गव्हर्नर इमानी होता. त्यानं डिझेल कमी केलं आणि चाल पहिल्याइतकीच ठेवली. आधीच रात्रभर तापलेलं इंजिन मोकळं फिरत राहिलं. पाणपोकळीत उरलेलं थोडं पाणी उकळलं, वाकड्या नळीतून वाफ होऊन गेलं, आणि मग आत काही उरलं नाही.

अण्णा वस्तीवर अंगणात झोपला होता. त्याला जाग आली ती आवाज हलका झाल्यानं. ओझ्याखाली दर ठोक्याला इंजिन जे कण्हतं ते ऐकू येईना. तो उठून पळत सुटला.

बापू आधी पोचला. इंजिनघरात जळक्या तेलाचा वास कोंडला होता आणि हेडवरचा रंग करपला होता. नळी कोरडी पाहून त्याच्या पोटात गोळा आला. शेजारी पंपात भरायला ठेवलेली बादली होती. ती त्यानं उचलली आणि वाकड्या नळीच्या तोंडातून इंजिनात ओतायला सुरुवात केली. पायऱ्यांवरून अण्णा ओरडला, "वतू नगंस! आधी बंद कर!"

टण्ण आवाज झाला. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते असंच बोलतं. हेडला आरपार तडा गेला. दोन-चार ओढत्या फेऱ्या होऊन पिस्टन लायनरमध्ये अडकला आणि ती जड फ्लायव्हील जागच्या जागी थांबली. नुसतं बंद करून इंजिन आपोआप निवू दिलं असतं तर कदाचित रिंगांवर भागलं असतं.

अण्णा कट्ट्यावर बसला. बापू उभाच राहिला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णानं विचारलं, "तुला भाजलं तर न्हाई न्हवं?"

सकाळी अण्णाची पाळी सुरू झाली. विहिरीत रात्रीतून साठलेलं थोडं पाणी होतं, पण ते वर आणायला काही नव्हतं. अण्णानं माळ्यावरून जुनी मोट काढली, नाडा तपासला, सोंदूर नवा लावला. धावेवर गवत माजलं होतं, ते खुरप्यानं काढलं. पण मोटेला बैल लागतात दोन, आणि त्याच्या गोठ्यात होता एक. तो कुणाकडं मागायला गेला नाही. दिवस डोक्यावर यायच्या आत बापू आपला बैल घेऊन धावेवर येऊन उभा राहिला. बैलांनी एकमेकांना हुंगलं आणि जुन्या सवयीनं आपापली बाजू धरली.

सुटे भाग येऊन इंजिन उभं राहीपर्यंत मोट चालली. दुपारी एक हाकायचा, संध्याकाळी दुसरा. सगळं पाणी कांद्याला गेलं. मोटेचं पाणी ते किती! पण झऱ्यांना तेवढी उसंत मिळाली, आणि सकाळी विहिरीत पुन्हा पाणी उभं दिसायला लागलं. कांदा निम्म्याहून थोडा जास्त वाचला. उसाला कुणी हात लावला नाही. एके दिवशी बापूनंच विळा घेतला आणि ऊस कापून दोन्ही गोठ्यांत वैरण म्हणून टाकला. अण्णा म्हणाला, "थोडा ठेवायचा हुता." बापू म्हणाला, "मग ती पुली बी ठेवावी लागंल."

नवं हेड, नवा लायनर, पिस्टन, रिंगा. खर्च ऐकून अण्णा म्हणाला निम्मा-निम्मा, इंजिन दोघांचं आहे. सुमन दाराआड होती, ती पुढं आली. "मोठे भाऊजी, इंजिन दोघांचं हाय. पुली आमची हुती." तिनं पुतळ्यांची माळ गहाण ठेवली. बापूनं तिच्याकडं पाहिलं नाही, पण तो पुढच्या पंधरवड्यात दगड वाहून पाट बांधत होता. सक्शनची वाकणं काढली, जाळी साफ केली. मिस्त्रींनी अकरा इंची पुली चढवली, हॅण्डल मारलं, कॉक अर्धा लावला आणि नळीखाली सुमनला हात धरायला सांगितलं. "ह्याची पारख तुम्हालाच हाय, सूनबाई."

मग विहिरीच्या दगडावर गेरूनं एक पट्टा ओढला, फूट व्हॉल्व्हच्या दोन हात वर. पाणी त्या पट्ट्याला टेकलं की इंजिन बंद, पाळी कुणाचीही असो. पट्टा कुठं असावा यावर दोघा भावांत पुन्हा वाद झाला, आणि या खेपेला तो उलटा होता. बापूला तो आणखी हातभर वर हवा होता.

तेरा इंची पुली इंजिनघराच्या कोपऱ्यात पडून होती. पुढच्या साली पलीकडच्या वाडीचा एक शेतकरी ती विकत मागायला आला. बापूनं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या पंपाची पुली किती इंचाची?"

"सहा."

बापूनं खडू घेतला. तेरा गुणिले ६५०, भागिले सहा : १४०८. त्यानं आकडा दोनदा तपासला. "बसती. तुमच्या पंपाला हीच पायजे. पंप किती हॉर्सपॉवर खातो? इंजिन किती?" उत्तरं ऐकून त्यानं मान हलवली. पुली उचलून त्यानं धूळ झटकली आणि पुन्हा खाली ठेवली.

"हिरीत आणि कुणाचा वाटा हाय?"

"चुलतभावाचा. का?"

"मग उद्या त्यांना बी संगं घेऊन या. भाव भंगाराचाच लावीन. पण हिशोब दोघांच्या म्होरं मांडीन, आन् मगच देईन."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. बापूनं दार ओढून उजेडात घेतलं आणि पहिल्यापासून आकडे मांडायला सुरुवात केली.